वार्सिनीचा खोकला

“आई गं, हळू! पाठ आहे माझी, पाकट मासा नाही सोलायला!”

“ओरड, ओरड. ओरडतेस म्हणजे वारा बाहेर पडतोय,” वार्सिनी म्हणाली आणि तिने नाणं आणखीच दाबलं.

पडवीत चटईवर तिची लेक रुमियाती पालथी पडली होती. खोबरेलात ठेचलेल्या कांद्याचा वास पडवीभर सुटला होता. वार्सिनीच्या हातातलं तांब्याचं नाणं तिच्या आजीच्या काळातलं. घासून घासून त्यावरची अक्षरं कधीच गुळगुळीत झाली होती. त्या किनाऱ्यावर कुणालाही कसर आली, डोकं चढलं, पोट फुगलं, की अंगात वारा शिरला म्हणायचं आणि वार्सिनीकडे यायचं. ती पाठीवर नाण्याने पट्टे ओढायची. पट्टा जितका लाल, तितका वारा जास्त. तिच्या हाताखालून न गेलेली एकही पाठ गावात नव्हती. मशिदीच्या इमामाची गेली होती, आणि इमामाला शिव्या घालणाऱ्या बोटवाल्याचीही. पाठी उघड्या पडल्या की माणसं सारखीच दिसतात, असं ती म्हणायची.

लेकीच्या पाठीवर माशाच्या काट्यासारखे लालभडक पट्टे उठले. मग खांदे झाले. मग डावा दंड. दंडाच्या मागे, कोपराच्या जरा वर, तळहाताएवढा एक फिकट डाग होता. शिबं असेल म्हणून वार्सिनीने त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. उलट तिला तो आवडायचा, कारण त्याच्यावर कितीही नाणं घासा, लाली म्हणून धरत नसे.

“हे बघ, इथे वाऱ्याला शिरकावच नाही,” ती नेहमीसारखी म्हणाली. “माझी सगळ्यात स्वच्छ जागा ही.”

“तिथे तर तू घासतेस की नाही तेच मला कळत नाही.”

“दुखणं नाही, म्हणून कळत नाही. सगळं अंग असं असतं तर माझं दुकान बंद पडलं असतं, बये.”

रुमी हसली. तेवढ्यात फाटकाशी तास्रिपा उभी राहिली. ही रुमीची सासू. मासे धुरावण्याची शेड तिची, आणि शेडमध्ये सगळ्यात पटापट हात चालवणारी बाई म्हणजे तिची ही सून. मुलगा कराम लांबच्या बोटीवर, ईदेला येणारा.

“झाली का राणीसाहेबांची मालिश? तिकडे पाकटं वाट बघतायत,” तास्रिपा म्हणाली. मग आवाज खाली आणून, “विहीणबाई, ऐकलंत का? त्या मिठागरावरच्या माणसाला तो रोग निघाला. बोटं झडतात तो. मंत्री आलाय शेडवर, आपल्या आळीतल्या सगळ्या बायकांना तपासतोय.”

मंत्री म्हणजे गाड्या उडवणारा नव्हे. त्या किनाऱ्यावर दवाखान्यातल्या पुरुष परिचारकाला मंत्रीच म्हणतात, आणि हुदोयो नावाच्या या मंत्र्याकडे होती एक कुरकुरणारी मोटरसायकल आणि औषधांची पेटी.

“मग तपासू दे की,” वार्सिनी म्हणाली.

“तपासू दे. पण मी सांगून ठेवते हं, आपल्याकडे कुणाला निघालं तर ती बाई माझ्या शेडची पायरी चढायची नाही. लोक माझा मासा तोंडात घालतात. सख्खी असली तरी नाही.”

ते बोलणं तिने कुणाला उद्देशून केलं नव्हतं. वार्सिनीनेही तेव्हा मनावर घेतलं नाही. नाणं पुसून कनवटीला लावलं आणि तमाशा बघायला तीही मागोमाग निघाली.

शेडमध्ये करवंट्यांचा धूर डोळ्यांत जात होता. मंत्र्याने एक बाकडं दाराशी ओढलं होतं. एकेकीला बसवायचा, अंग बघायचा आणि डोळे मिटायला सांगून कापसाची बारीक वात अंगाला टेकवायचा.

“कळलं की ‘हो’ म्हणायचं. बस, एवढंच.”

“मंत्रीसाहेब, गुदगुल्या करायला सरकार पगार देतं होय तुम्हाला?” एक जण म्हणाली. बाया खिदळल्या. मंत्रीही हसला. एकामागून एक ‘हो, हो, हो’ झालं आणि रुमीची पाळी आली.

तिने डोळे मिटले. कापूस गालाला लागला. “हो.” मानेला. “हो.” मग मंत्र्याने बाही वर सारली, त्या डागाकडे जरा वेळ पाहिलं आणि वात डागाच्या मधोमध टेकवली.

रुमी गप्प.

वार्सिनी समोरच उभी होती. तिला वात दिसत होती. ती चांगली टेकलेली होती, कापसाचं टोक वाकलं होतं. आणि लेक डोळे मिटून, ओठांवर हसू ठेवून, आता लावतील मग लावतील अशी वाट बघत होती. बाजूला तास्रिपा कमरेवर हात ठेवून उभी होती.

वार्सिनी खोकली.

तिने ठरवून काही केलं नाही. खोकला आला आणि गेला. धुरात सगळेच खोकत होते. पण रुमीची पापणी हलली, आणि ती म्हणाली, “...हो.”

वात करंगळीला लागली. वार्सिनी खोकली. “हो.” शेजारच्या बोटाला. खोकला. “हो.” तळव्याच्या कडेला. पुन्हा खोकला, आता मात्र मुद्दाम आणलेला. “हो.” मायलेकींनी आयुष्यात कधी इतकं बिनचूक काम मिळून केलं नव्हतं.

मंत्र्याने कापूस खाली ठेवला. त्याने रुमीकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे.

“धूर फार आहे इथे,” तो म्हणाला. “रुमियाती, तू दवाखान्यात ये एकदा. उजेडात बघू.”

“का? काय निघालं तिला?” तास्रिपाने चटकन विचारलं.

“अजून तरी काही नाही.” पेटीतून गोळ्यांची एक पुडी काढून त्याने वार्सिनीच्या हातावर ठेवली. “मावशी, तुमचा खोकला मात्र जुना वाटतोय. लवकर दाखवा. फार दिवस दाबून ठेवला की हाताबाहेर जातो.”

वार्सिनीने मान खाली घातली. पुढची बाई बाकड्यावर बसली आणि खिदळणं पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी रुमी आईकडे आली ती पडवीत न थांबता थेट आत.

“तू खोकत होतीस.”

“धूर होता.”

“आई, मला काही म्हणजे काहीच कळलं नाही. एकदाही नाही.”

“बस खाली. बाही वर कर.”

वार्सिनीने नाणं काढलं. तेल लावलं आणि त्या डागावर घासायला लागली. आतापर्यंत हजारो पाठी लाल केलेला हात होता तो. इतक्याशा जागेचं काय घेऊन बसलात! ये, ये ना मेले लाली, ती मनात म्हणत होती. दात ओठ खाऊन ती घासत राहिली. रुमी दुसरीकडे बघत हळू आवाजात बोलत होती. करामला कळवायचं का, सासूबाई आज तीनदा बघत होत्या माझ्याकडे, ते करंगळीचं मी तुला आधी सांगणार होते, कप सुटतो हातातून मधूनच... वार्सिनीच्या बोटांना ओलं लागलं. तिने हात उचलला. नाण्याच्या कडेला रक्त होतं. कातडी सोलली गेली होती, रक्ताचे ठिपके आले होते, पण भोवतीची कातडी तशीच फिकट, निवांत. आणि रुमी अजून बोलतच होती.

“झालं?” रुमीने विचारलं.

“झालं,” वार्सिनी म्हणाली. तिने बाही हळूच खाली ओढली. लेकीला तिने एवढंच सांगितलं, “कराम येईपर्यंत कुणापाशी तोंड उघडायचं नाही.”

“आणि दवाखाना?”

“त्याच्यानंतर बघू. एकदा नाव पडलं की पुसता येत नाही. तुझी सासू तुला उंबऱ्याबाहेर काढेल, आणि माझ्या हाताखाली कोण पाठ देईल मग?”

हे शेवटचं तोंडातून गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली. पण बोललेलं परत कुठे घेता येतं! रुमी बाही सारखी करत उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वार्सिनी करवंट्यांचं पोतं घेऊन शेडवर गेली. खरं म्हणजे पोतं पोरासोरांकडूनही पाठवता आलं असतं. तिला नुसतं लेकीला डोळ्यांनी बघायचं होतं. शेडमध्ये नेहमीचा कल्ला चालला होता. लोखंडी जाळ्यांवर पाकटाचे तुकडे ओळीने मांडलेले, खाली निखारे. रुमी उजव्या हाताने तुकडे उलटत होती आणि पलीकडच्या बाईला कसलीशी गंमत सांगत होती.

वार्सिनीने पोतं टेकवलं आणि ती थबकली. वास आला. धुरावलेल्या माशाचा वास तिच्या नाकाला जन्मापासूनचा. झोपेतही ती ओळखील. हा तो नव्हता. तिने ओळीने जाळ्या पाहिल्या. रुमीने डावा हात आधारासाठी जाळीच्या चौकटीवर टेकवला होता. करंगळीखालची तळव्याची कड तापल्या लोखंडावर होती, आणि तिथून एक बारीकसा धूर वर येत होता. आणि पोरगी हसत होती!

“रुमे! हात! अगं हात!”

वार्सिनीने झडप घालून तो हात ओढला. कातडी चौकटीला चिकटून राहिली. रुमीने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या हाताकडे. तेव्हा कुठे ती घाबरली.

“काय झालं? कशाने भाजलं?” तास्रिपा धावत आली. हात बघून तिचा चेहरा उतरला. ती बाई मूर्ख नव्हती. “एवढं भाजलं आणि ही ओरडली नाही?”

उत्तर द्यायला बहाणा लागत होता, आणि बहाणे वार्सिनीला सुचतही होते. पण हातातल्या त्या हाताकडे बघितल्यावर तिने ते सगळे सोडून दिले. आपण लाली नाही म्हणून नावाजत होतो ती ही जागा. आपण काल खोकून खोकून झाकली ती ही. ती मनातून इतकी चिडली की कुणावर चिडावं हे तिला कळेना.

“ती ओरडली नाही, कारण तिला कळलं नाही,” ती म्हणाली, आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “कालही कळत नव्हतं. काल मी खोकले म्हणून ती ‘हो’ म्हणाली. आता आम्ही मंत्र्याकडे चाललोय. काय निघालं ते मीच येऊन सांगेन, विहीणबाई. तुम्हाला कुणाच्या तोंडून ऐकायची पाळी येणार नाही.”

आणि लेकीचा हात ओल्या फडक्यात गुंडाळून ती चालती झाली.

मंत्र्याने हात धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. कोपराच्या आतल्या बाजूला बोटांनी चाचपून पाहिलं, वार्सिनीचंही बोट धरून तिथे ठेवलं. कातडीखाली दोरीसारखी जाड नस लागली. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“खोकला कसा आहे, मावशी?” त्याने विचारलं.

“चप्पल मारा मला,” वार्सिनी म्हणाली. “पण एक सांगा. मी जन्मभर नाणं चालवलं. वारा असेल तिथे लाली येते. तिथे लाली आली नाही, म्हणजे तिथे काही नाही. हे कुठे चुकलं?”

मंत्री हसला नाही. “लाली वाऱ्याने येत नाही, मावशी. लाली नस आणते. आपल्या गावात गस्तीचा लाकडी ठोकळा आहे ना टांगलेला? चोर दिसला की गस्तवाला काय करतो? सरपंचाला विचारायला जातो?”

“आधी ठोकळा बडवतो.”

“तसंच. कातडीला खरचटलं, भाजलं, काही आत घुसलं, की सगळ्यात आधी नसेला कळतं. मेंदूला निरोप जातो तो जातोच, तेव्हा तुम्ही आई गं म्हणता. पण त्या निरोपाच्या उत्तराची वाट न बघता नस तिथल्या तिथे रक्ताला हाका मारते. रक्त धावत येतं, जागा लाल होते, गरम होते. त्या रक्तातूनच लढणारे येतात. तुमचं नाणं रोज हाच ठोकळा वाजवतं. अंग घाबरून धावत येतं, आणि तुम्ही म्हणता वारा निघाला.”

“आणि इथे?”

“या रोगाचा जंतू बिलंदर. तो नसेतच बिऱ्हाड करतो. ठोकळाच पळवून नेतो. मग भाजू दे, चिरू दे, ना बोंब ना धावाधाव. बोटं रोगाने झडत नाहीत, मावशी. जखमांनी जातात. ज्यांची खबरच कुणाला लागली नाही अशा जखमांनी.”

वार्सिनीने डोळे टिपले. “नस परत येईल?”

“जंतू मरेल, ते मी लिहून देतो. औषध सुरू झालं की हिच्यापासून कुणाला लागणही व्हायची नाही. नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या देतो. नस वाचली तर हात वाचला. नाही वाचली तर पुढे बोटं वाकतील. किती उशीर झालाय ते आत्ता नाही सांगता येत. ईदेच्या आधी पुन्हा कापूस लावून बघू.”

“काल सांगितलं असतं तर?”

“काल आणि आजमध्ये काही जात नाही,” मंत्री म्हणाला. “वर्ष गेलं असेल तर ते मात्र गेलं.”

ते वर्ष कुणाच्या नाण्याखालून गेलं हे वार्सिनीला कुणी सांगायला नको होतं.

कबूल केल्याप्रमाणे ती तास्रिपाच्या दारात जाऊन सांगून आली. तास्रिपाने ऐकून घेतलं, आत गेली आणि रुमीच्या कपड्यांचं बोचकं आणून दिलं. “बरी होईपर्यंत,” ती म्हणाली. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी वार्सिनीच्या फाटकाच्या खिळ्याला केळीच्या पानात बांधलेला धुरावलेला मासा टांगलेला असे. टांगणारी कधी आत आली नाही. कराम किनाऱ्याला लागला की फोन करायचा. पहिल्यांदा सगळं ऐकून त्याने विचारलं, “दुखतं का गं?” रुमी म्हणाली, “तेच तर नाही ना!” आणि रडली.

पाठी यायच्या थांबल्या. नाणं कनवटीलाच राहिलं. मंत्र्याने येऊन दोनदा आळीत सांगितलं की भिण्याचं कारण नाही. लोकांनी माना डोलावल्या आणि ती मंडळी नाणं घासून घ्यायला पलीकडच्या गावी जायला लागली.

वार्सिनीला आता दुसरंच काम लागलं होतं. जिथे नस जागत नाही तिथे डोळ्यांनी जागायचं, असं मंत्र्याने बजावलं होतं. रोज सकाळी लेकीचा हात पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, उजेडात धरून बोटाबोटाच्या बेचकीत बघायचं. रुमी चुलीशी गेली की पाठोपाठ हाक, “हात!” विळी घेतली की, “हात!” गरम कॉफीचा पेला उचलला की, “हात, रुमे!”

“आई, तू झोपेत पण ‘हात’ म्हणतेस आता,” रुमी वैतागून म्हणायची.

“म्हणेन. तुझी नस जागी होईपर्यंत मीच तुझी नस.”

करंगळी जराशी वाकायला लागली होती. दोघींनाही ते दिसत होतं, आणि दोघीही त्यावर बोलत नव्हत्या. भाजलेल्या जागेवर नवी गुलाबी कातडी धरली. वार्सिनी रोज त्या कातडीवरून बोट फिरवी आणि लेकीच्या तोंडाकडे बघे, विचारत मात्र नसे. विचारलं तर पोरगी आईसाठी ‘हो’ म्हणेल, ही तिला धास्ती. ‘हो’ म्हणायला तिनेच तर शिकवलं होतं.

ईद तोंडावर आली तेव्हा दोघी दवाखान्यात गेल्या. मंत्र्याने खिडकीशी खुर्ची ठेवली. दार लावून घेतलं. धूर नाही, बाया नाहीत.

“मावशी, तुम्ही बाहेर बसा.”

“मी इथेच बसणार. तोंडावर कापड धरून बसते हवं तर.”

“बसा,” मंत्री म्हणाला. “पण श्वाससुद्धा मोजून घ्या.”

वार्सिनीने डोक्याचा रुमाल तोंडावर दाबला. रुमीने डोळे मिटले. गाल. “हो.” मान. “हो.” मग दंडावरचा तो डाग. वात टेकली, कापूस वाकला. रुमी गप्प. वार्सिनीच्या घशात खवखव सुरू झाली. खरीखुरी. नेमकी आत्ताच! तिने रुमाल दातांत धरला.

करंगळी. रुमी गप्प. मंत्र्याने वाट पाहिली, वात उचलली. शेजारचं बोट. गप्प. वार्सिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते घशामुळे की कशामुळे कोण जाणे. एकदाच, एकदाच खोकले तर पोरगी ‘हो’ म्हणेल, असं मनात येऊन गेलं. तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च आवळलं.

वात तळव्याच्या कडेला आली, त्या गुलाबी कातडीवर टेकली. कापसाचं टोक वाकलं.

खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल गेली. रुमीच्या कपाळावर आठी पडली. डोळे मिटलेलेच ठेवून तिने आईच्या दिशेने तोंड वळवलं.

“आई,” ती म्हणाली, “आत्ता तू खोकलीस का गं?”

वार्सिनीने तोंडावरचा रुमाल काढला. “नाही गं बाई. मी कुठे खोकले?”

“नक्की?”

“शप्पथ.”

“मग दाखव बघू, कुठे कळलं ते,” मंत्री हळूच म्हणाला. त्याने वात तिथून हलवली नव्हती.

रुमीचा उजवा हात चाचपडत आला. मनगटाशी जरा अडखळला, तळव्याच्या कडेने खाली सरकला आणि तिच्या बोटाला कापूस लागला.

मग मात्र वार्सिनीला तो खोकला आवरेना.